आकड्यांची उतरंड: कलम-पोटकलम वर्ड प्रोसेसरमध्ये कुठून आले

गोव्याच्या विधानसभेत किमान तीस सदस्य असावेत, ही तरतूद भारतीय संविधानाच्या ३७१-आय या अनुच्छेदात आहे. गोवा १९८७ साली राज्य झाले तेव्हा ५६ व्या घटनादुरुस्तीने ती आली. यातला 'आय' रोमन एक नव्हे, तर इंग्रजी वर्णमालेतले नववे अक्षर. ३७१ च्या पुढची 'ए' ते 'एच' ही अक्षरे आधीच्या दुरुस्त्यांनी खर्ची पडली होती. 'एच' अरुणाचल प्रदेशाकडे गेले आणि पुढचे 'आय' गोव्याच्या वाट्याला आले. हिंदी प्रतीत हाच अनुच्छेद '३७१झ' आहे, कारण तिथे क, ख, ग असा क्रम धरला आहे आणि झ हे नववे व्यंजन.

वर्ड प्रोसेसरमधली आपोआप क्रमांक घालणारी यादी असे कधी करणार नाही. ३७१ आणि ३७२ यांच्यामध्ये नवा परिच्छेद घातला, की ती त्यालाच ३७२ म्हणते आणि पुढच्या सगळ्यांना एकेक घर खाली सरकवते. यंत्राच्या लेखी क्रमांक म्हणजे जागा. कायद्याच्या लेखी क्रमांक म्हणजे नाव, आणि शेजारी कोणी नवे राहायला आले म्हणून जुन्याचे नाव बदलत नाही. मुद्दा, पोटमुद्दा, त्याखालचा मुद्दा अशा बहुस्तरीय यादीचा इतिहास मला या दोन कल्पनांच्या ओढाताणीचा इतिहास वाटतो. गोव्यात तो अधिकच ठळक दिसतो, कारण इथे पोर्तुगीज, इंग्रजी आणि मराठी अशा तीन परंपरांचे कागद एकाच टेबलावर येतात.

तीन पातळ्यांचा क्रमांक आपल्याला परका नाही. ऋग्वेदातली ऋचा मंडल, सूक्त, ऋचा या क्रमाने सांगतात. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठ अध्याय आणि प्रत्येकी चार पाद आहेत. १.१.१ एवढे लिहिले की व्याकरणाचा अभ्यासक थेट पहिल्या सूत्रावर पोचतो. दासबोधाची बांधणी याहून नेटकी आहे: वीस दशक, प्रत्येकात दहा समास, आणि समास बदलला की ओव्यांची मोजणी पुन्हा एकपासून. खुद्द गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये सासष्टीतल्या राशोल इथे छापले गेले. भाषा मराठी, लिपी रोमन. त्याची दोन पुराणे आहेत. पहिल्यात ३६ अवस्वरू, म्हणजे सर्ग, दुसऱ्यात ५९, आणि सगळ्या मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या. या सगळ्या रचनांत एक शहाणपण आहे. पोथी कोणाच्याही हातची असो, पाने लहान असोत की मोठी, ओवीचा पत्ता तोच राहतो. पानाच्या आकड्यावर कोणी विसंबत नाही.

कायद्यांनी वेगळी वाट धरली. गोव्यात आजही अंशतः लागू असलेली पोर्तुगीज नागरी संहिता १८६७ ची. तिचे चार भाग आहेत, भागांत पुस्तके, पुस्तकांत शीर्षके, त्यांत प्रकरणे. एवढी उतरंड असूनही कलमांचे आकडे कुठेही नव्याने सुरू होत नाहीत. पहिल्या कलमापासून २५३८ व्या कलमापर्यंत ते सलग चालतात. भारतीय दंड संहितेची ५११ कलमेही प्रकरणांच्या भिंती न मानता सलग होती, संविधानाचे अनुच्छेदही तसेच आहेत. म्हणजे दासबोधात मोजणी प्रत्येक समासाला नव्याने, आणि कायद्यात शीर्षकांची उतरंड एका बाजूला, कलमांची सलग माळ दुसऱ्या बाजूला. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये हा सगळा फरक एका छोट्या खुणेवर अवलंबून असतो. बहुस्तरीय यादीची व्याख्या ठरवताना 'वरची पातळी आल्यावर मोजणी पुन्हा सुरू करा' ही खूण आधीपासूनच लावलेली असते. सलग कलमे हवी असतील तर ती काढावी लागते. जिला ही खूण माहीत नाही ती व्यक्ती शेवटी आकडे हाताने लिहू लागते, आणि तिथून पुढे सगळी मोडतोड सुरू होते.

पोर्तुगीज संहितेत आणखी एक गोष्ट आहे, जी कुठल्याच यंत्राने मनावर घेतली नाही. कलमाखाली एकच परिच्छेद असेल तर तिथे आकडा येत नाही, परिच्छेदाच्या § या खुणेपुढे 'उनिकु', म्हणजे 'एकमेव', असे लिहिलेले असते. एकाच घटकाची यादी! आपली सॉफ्टवेअरे तिथे निमूटपणे '१' घालतात आणि वाचणारा दुसऱ्याची वाट पाहत बसतो. २०१८ मध्ये गोवा सरकारने या संहितेचा इंग्रजी अनुवाद राजपत्रातून प्रसिद्ध केला. पण पणजीच्या आणि मडगावच्या कोर्टांत जुन्या पोर्तुगीज दस्तांशी रोज गाठ पडणाऱ्यांना मूळ क्रमांकनाची ही रीत ठाऊक असावीच लागते.

नाव म्हणून रुजलेला क्रमांक किती चिवट असतो, हे चारशेवीस सांगतो. जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली, आणि ४२० चा मजकूर कलम ३१८ च्या पोटकलम ४ मध्ये गेला. एकेरी आकडा जाऊन दोन पातळ्यांचा पत्ता आला. लोकांच्या तोंडात मात्र चारशेवीसच आहे.

यंत्राकडे वळू. टंकलेखन यंत्रात उतरंड म्हणजे टॅबची उडी. मुद्दा डावीकडे, पोटमुद्दा एक उडी आत, त्याखालचा आणखी एक. इतिवृत्तात मध्येच एक ठराव घालायचा तर पुढचे पान पुन्हा टंकायचे. या मेहनतीतून सुटका होईल असे पहिल्यांदा जगाला दाखवले ते ९ डिसेंबर १९६८ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोतल्या संगणक परिषदेत, अमेरिकी संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी. माउसचे पहिले जाहीर दर्शन म्हणून तो दिवस लक्षात ठेवतात. मला त्यातली बाजारहाटाची यादी जास्त मोलाची वाटते. एंगलबार्टनी पडद्यावर आणायच्या वस्तू लिहिल्या, त्यांचे गट पाडले, एकेक वस्तू आपापल्या गटाखाली नेली, मग गटांची नावे तेवढी ठेवून बाकीचे मिटवून टाकले. त्यांच्या एनएलएस या यंत्रणेत मजकुराचा प्रत्येक तुकडा दुसऱ्या कुठल्या तरी तुकड्याच्या पोटात असे. क्रमांकही तसेच: १, त्याखाली १ए, त्याखाली १ए१. तुकडा हलवला की क्रमांक बदले. हा क्रमांक जागेचा होता, आणि संदर्भ देणाऱ्याची त्यात पंचाईत होती. म्हणून या यंत्रणेत प्रत्येक तुकड्याला दुसरी, कायमची ओळखही मिळाली. जागा आणि नाव, दोन्ही. आजच्या वर्ड प्रोसेसरांनी एंगलबार्टची पहिली कल्पना उचलली, आणि दुसरी सामान्य वापरणाऱ्याच्या नजरेआड ठेवली. हे मला खरेच खटकते.

घरगुती संगणकावर ही कल्पना १९८३ मध्ये आली. डेव्ह वायनर यांच्या लिव्हिंग व्हिडिओटेक्स्ट या कंपनीचे थिंकटँक हे फक्त रूपरेषा लिहिण्याचे साधन होते, आणि १९८६ मध्ये त्यांचाच 'मोर' (MORE) हा प्रोग्रॅम आला. त्याच १९८३ साली मायक्रोसॉफ्ट वर्डची पहिली आवृत्ती आली, शैलीपत्रकांसह. 'हे शीर्षक आहे' असे एकदा सांगायचे, त्याचे दिसणे दुसरीकडे ठरवायचे, ही त्यातली मूळ कल्पना. पुढे काही वर्षांत रूपरेषेचे दृश्यही वर्डमध्येच आले आणि स्वतंत्र रूपरेषा-प्रोग्रॅमांची गरज ओसरली. अमेरिकेतल्या वकिलांची भिस्त बराच काळ वर्डपर्फेक्ट या दुसऱ्या वर्ड प्रोसेसरवर होती. त्यात मजकुरामागे दडलेल्या मांडणीच्या खुणा उघड करून पाहता येत, त्यामुळे आकडा का चुकला ते शोधता येई.

आज आपण वर्डमध्ये जी बहुस्तरीय यादी वापरतो तिचा सांगाडा वर्ड ९७ चा. क्रमांकांची रचना त्या आवृत्तीत नव्याने बांधली गेली आणि नऊ पातळ्या ठरल्या. लिब्रेऑफिस रायटर या मोफत वर्ड प्रोसेसरमध्ये दहा आहेत. पुढे वर्डच्या डीओसीएक्स या फाइल-प्रकाराचे मानक २००६ मध्ये जाहीर झाले, तेव्हा आतली गोष्ट उघडपणे वाचता आली. क्रमांक परिच्छेदात नसतोच. परिच्छेदात फक्त दोन गोष्टी असतात: कुठल्या यादीचा, आणि कितव्या पातळीचा. यादीची व्याख्या फाइलीच्या वेगळ्या कप्प्यात असते. तिथे तिसऱ्या पातळीचा साचा '%१.%२.%३' असा लिहिलेला असतो, आणि पडद्यावर दाखवताना वर्ड आकडे मोजून साच्यात भरतो.

एवढे समजले की रोजच्या तक्रारींचा उलगडा होतो. दुसऱ्या फाइलीतून मजकूर चिकटवला की त्याच्याबरोबर त्याच्या यादीची व्याख्याही येते. दिसायला दोन्ही सारख्या, पण वर्डच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या याद्या. म्हणून ७ च्या पुढे ८ यायला हवा तिथे अचानक १ येतो. आपण वैतागून तो आकडा पुसून हाताने ८ लिहितो. यावर खरा उपाय म्हणजे प्रत्येक पातळी एकेका शैलीला बांधणे, आणि चिकटवताना फक्त साधा मजकूर आणणे. शैली बांधलेली असेल तर अनुक्रमणिका, शीर्षकांमधून फिरणे, 'पाहा कलम ४.२' सारखे आपोआप सुधारणारे संदर्भ, सगळे त्यातूनच मिळते. पन्नास पानांच्या प्रबंधाला ही शिस्त उपकारक ठरते, चारशे पानांच्या प्रबंधाला तिच्यावाचून चालत नाही.

मराठी कागदांच्या वाट्याला ही शिस्त उशिरा आली, आणि अपुरी आली. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत, येण्यापूर्वीच्या फाँटांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असत. संगणकाला वाटे आपण 'ए' छापतो आहोत, कागदावर उमटे तिसरेच. कृतिदेव या अशाच एका फाँटात आपोआप ए, बी, सी असा क्रम लावला तर पहिल्या मुद्द्यापुढे नुसता अनुस्वार येतो, दुसऱ्यापुढे इ, तिसऱ्यापुढे ब. अशा परिस्थितीत टंकणाऱ्यांनी आपोआप क्रमांक बंद ठेवले, तर त्यांचे काय चुकले? हाताने लिहिणे हीच तेव्हा शहाणी रीत होती. विंडोज २००० पासून मंगल फाँट आणि युनिकोड देवनागरी आली, अडथळा गेला, सवय मात्र राहिली. देवस्थानची नियमावली असो, ग्रामसभेचे इतिवृत्त असो की संस्थेची स्मरणिका, मराठी फाइल उघडून पाहिली तर आकडे बहुधा टंकलेले असतात आणि आत जायला स्पेसबार मारलेला असतो. छापल्यावर ते छान दिसते. पण फाइलीला आपली रचना ठाऊक नसते, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनावर विसंबणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला त्या कागदात शीर्षक कुठे, मुद्दा कुठे, काहीच कळत नाही.

दुसरी अडचण अक्षरांची. डीओसीएक्सच्या मानकात हिंदीच्या नावाने चार क्रम आहेत: स्वर, व्यंजने, अंक आणि शब्दांतली मोजणी. मराठी माणूस मात्र अ, ब, क, ड असे मोजतो. शाळेच्या तुकड्या अ, ब, क, ड. जोड्या लावायच्या तर 'अ' गट आणि 'ब' गट. भूमितीत त्रिकोण अबक. हा क्रम इंग्रजीच्या ए, बी, सी, डी वरून आला आणि पिढ्यान्‌पिढ्या मुरला, पण मानकात तो नाही. त्यातच मराठीच्याच पाठ्यपुस्तकांत अ, आ, इ, ई असाही क्रम दिसतो. हा गोंधळ किरकोळ नाही. 'इ' हा मुद्दा स्वरक्रमात तिसरा, अ-ब-क-ड क्रमात पाचवा. 'खंड (क)' म्हटले तर हिंदी प्रतीच्या रीतीने तो पहिला, शाळेत शिकलेल्या मराठी रीतीने तिसरा. कराराच्या मसुद्यात हा फरक पैशांत मोजावा लागतो. शिवाय अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह इथे आठव्या अक्षराला मालिका थकते. ३७१-आयला या क्रमात अक्षरच उरत नाही. इंग्रजीतही सगळे सुरळीत नाही म्हणा. वर्ड 'झेड' नंतर 'एए', मग 'बीबी' असे जातो, आणि संविधान २४३-झेड नंतर २४३-झेडए असे.

वेबवर यातून वाट निघाली आहे. वेबपानाचे दिसणे ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत आता स्वतःचा गणकक्रम सांगता येतो: चिन्हे अ, ब, क, ड अशी क्रमाने द्यायची, ब्राउझर पुढचे मोजतो. वर्डमध्ये अशी सोय नाही, आणि ती मागण्याचे काम मराठीत लिहिणाऱ्यांनीच करायला हवे, महाराष्ट्रातल्यांनी आणि गोव्यातल्यांनी मिळून. तोवर मी सुचवेन ती तडजोड अशी. मुद्दे आणि पोटमुद्दे १, १.१, १.१.१ असे देवनागरी अंकांत आपोआप चालू द्यावेत. अ, ब, क, ड हवेच असेल तर ते सर्वांत खालच्या पातळीला ठेवून अक्षर हाताने लिहावे, पण त्या परिच्छेदाला स्वतंत्र शैली द्यावी आणि शैलीत रूपरेषेची पातळी नोंदवावी, म्हणजे अक्षर हाताचे असले तरी अनुक्रमणिकेला आणि पडदा वाचणाऱ्या साधनाला ती पातळी कळते. आणि जिथे क्रमांक हे नाव आहे, म्हणजे संहितेचे कलम, संविधानाचा अनुच्छेद, पोथीतली ओवी, तिथे आपोआप क्रमांक मुळीच लावू नयेत. तो आकडा मजकुराचाच भाग म्हणून टंकावा आणि संदर्भासाठी त्या जागी बुकमार्क, म्हणजे वर्डमधली नाव दिलेली खूण, ठेवावा.