पाडव्याचा लिंब आणि सात वाट्या

पाडव्याला गुढीवरच्या साखरेच्या गाठीवर डोळा ठेवून लिंबाचा पाला चावायचा, हे मराठवाड्यातल्या पोरांना नवं नाही. (आमच्याकडं लिंब म्हणजे कडुलिंब; आंबट ते लिंबू.) आमच्या लातूरच्या घरी काका मूठभर कोवळा पाला गुळाशिवाय चघळतात, पुतणी एका पानालाच तोंड वेंगाडते. त्यावरून घरानं ठरवून टाकलंय की काकांना कडू कळतच नाही. पण कडू कळणं वेगळं आणि सोसणं वेगळं.

न कळणारी माणसं असतात, हे खरं. 1931 साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स पीटीसी नावाची पूड भरत होते. थोडी हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, काय कडू आहे हे! फॉक्सना काहीच लागलं नाही. दोघांनी पूड मुद्दाम चाखली, तरी वाद तोच. या फरकामागचं मुख्य जनुक 2003 मध्ये सापडलं. सातव्या गुणसूत्रावरचं हे जनुक कडू ओळखणारा एक ग्राहक-रेणू घडवतं. असे सुमारे 25 ग्राहक आपल्याकडं असतात आणि प्रत्येकाची कडू ओळखण्याची यादी वेगळी. म्हणून पीटीसी न कळणाऱ्याला कारलं झक्क कडू लागू शकतं.

ती पूड विषारी आहे, घरी आणायची नाही. कुणाला किती कडू कळतं ते तपासायला आपल्याला मेथी पुरे. चमचाभर मेथीदाणे कपभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्या. ही पहिली वाटी. त्यातलं अर्धं पाणी दुसऱ्या वाटीत घेऊन तेवढंच साधं पाणी घाला, मग त्यातलं अर्धं तिसरीत, असं सातव्या वाटीपर्यंत. सातवीत मेथी उरते चौसष्टावा हिस्सा. पाणी सगळीकडं एकच, शक्यतो फिल्टरचं. बोअरचं खारं पाणी नको, कारण मिठातलं सोडियम कडूपणा दाबतं. कारल्याला मीठ चोळून ठेवण्यात ही गंमतही आहेच.

आता खरी मेख. चाखणाऱ्यानं डोळे मिटायचे, नाक चिमटीत धरायचं, नाहीतर मेथी वासावरूनच चुगली करते. दुसऱ्यानं तीन घोट द्यायचे : दोन साध्या पाण्याचे, एक मेथीचा, क्रम बदलत. मेथीचा कोणता ते सांगायचं. अंदाजपंचे एकदा बरोबर यायची शक्यता तीनात एक, पण लागोपाठ तीनदा यायची सत्तावीसात एक. तीनही वेळा जमलं तरच ती वाटी कळली म्हणायचं. सुरुवात सातवीपासून करायची. कडू चव जिभेवर रेंगाळते, पहिली वाटी आधी घेतली की पुढचं सगळं बिघडलं. दर वेळी चूळ भरून मिनिटभर थांबा.

जीभ निळ्या रंगानं रंगवून तिच्यावरचे दाणे मोजायचा प्रयोगही लोक करतात. पोरांना मजा येते, पण दाण्यांच्या संख्येवरून कडूची जाण नेमकी कळत नाही. आणि कडू निघालेला दुधी किंवा काकडी या प्रयोगात मुळीच घेऊ नका. त्यातली कुकुरबिटासिन द्रव्यं विषारी असतात, कडू दुधीच्या रसानं माणसं दगावलीही आहेत.

आमच्याकडं पुतणीला चौथ्या वाटीपेक्षा पातळ पाण्यातली मेथी कळली नाही. काकांनी सहावीही तीनदा बरोबर ओळखली, आणि उरलेली पहिली वाटी घटाघटा पिऊन टाकली.