‘कृष्ण’ शब्दाचा घोळ आणि विश्वाचा हिशेब

गच्चीवर दुर्बीण लावली की कोल्हापुरात कुणीतरी विचारतंच, “सर, यातनं तो कृष्णपदार्थ दिसतोय काय?” म्हणजे ‘डार्क मॅटर’, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य. दिसत नाही. मोठ्यातल्या मोठ्या दुर्बिणीतूनही दिसणार नाही. विश्वातल्या एकूण द्रव्य-ऊर्जेत तो २६.८ टक्के आहे हा आकडा मुख्यतः वैश्विक सूक्ष्मतरंग प्रारणाच्या, म्हणजे विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या आणि सगळ्या आकाशातून येणाऱ्या क्षीण मायक्रोवेव्ह लहरींच्या, नकाशावरून आला.

अँटेनातली खरखर आधी कबुतरांच्या विष्ठेमुळे वाटली आणि ती हेच प्रारण निघाली, ही १९६५ च्या शोधाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. हिशेबाला हात लागला तो १९९२ मध्ये. कोबे उपग्रहाला या प्रारणाच्या तापमानात लाखात एक भाग इतका चढउतार दिसला. अंटार्क्टिकावर उडवलेल्या फुग्याच्या मोजणीने २००० साली सांगितलं, की त्यातले ठळक ठिपके साधारण एक अंशाचे आहेत, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट. त्यावरून अवकाश सपाट, म्हणजे वक्र नसलेलं, ठरलं आणि एकूण घनताही ठरली.

आता वाटण्या. विश्व तीन लाख ऐंशी हजार वर्षांचं होईपर्यंत प्रकाश आणि साधं द्रव्य एकमेकांत अडकलेलं होतं, त्यात ध्वनिलहरी उठत होत्या. माठ घेताना आपण टिचकी मारतो आणि आवाजावरून भाजणी ओळखतो, तसंच हे. कोणत्या आकाराचे ठिपके किती ठळक, याच्या आलेखात शिखरं दिसतात; साधं द्रव्य जास्त असेल तर दुसरं शिखर पहिल्याच्या मानाने बसतं. तिसरं शिखर उंच राहतं ते प्रकाशाशी देणंघेणं नसलेल्या द्रव्यामुळे, म्हणजेच कृष्णपदार्थामुळे. साधं द्रव्य, कृष्णपदार्थ आणि कृष्ण ऊर्जा यांची टक्क्यांत वाटणी २००३ मध्ये डब्ल्यूमॅप उपग्रहाने ४, २३, ७३ अशी दिली, २०१३ मध्ये प्लांक उपग्रहाने ४.९, २६.८, ६८.३.

घोळ शब्दात आहे. इंग्रजीत ‘ब्लॅक’ आणि ‘डार्क’ वेगळे, आपण दोन्हींना ‘कृष्ण’ करून टाकलं. उष्णतेच्या धड्यातला कृष्णपदार्थ पडलेला सगळा प्रकाश शोषतो आणि तापला की स्वतः प्रकाशतो. हे प्रारणही नेमकं तसंच आहे, २.७२५ केल्विन तापमानाच्या कृष्णपदार्थाचं. आणि त्यातून आपण शोधतो काय, तर पुन्हा कृष्णपदार्थ! हा दुसरा मात्र काळा नाहीच. तो प्रकाश शोषत नाही, सोडत नाही, आरपार जाऊ देतो. त्यात कृष्णविवरही मिसळलं की ऐकणाऱ्याला वाटतं, सगळी एकाच घरातली भावंडं. ‘अदृश्य द्रव्य’ म्हटलं असतं तर निम्मे प्रश्न आलेच नसते. रूढ झालेला शब्द मोडायला कुणी धजत नाही, ही खरी अडचण.

‘कृष्ण ऊर्जा’, म्हणजे विश्वाचा विस्तार वाढत्या वेगाने करणारी ‘डार्क एनर्जी’, तर त्याहून फसवी. या नकाशात ती मुख्यतः बाकी म्हणून येते: शंभरातून सगळं द्रव्य वजा केलं की उरेल ती. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांनी, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्यांनी, विस्तार वाढत्या वेगाने होतोय हे दाखवलं होतं, म्हणून ही बाकी पटली.

सगळ्यांना पटली नाही. कोल्हापुरातच जन्मलेल्या जयंत नारळीकर या ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञाने विश्वाची सुरुवात महास्फोटातून झाली हेच नाकारलं. हे प्रारण म्हणजे लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा सोडलेला ताऱ्यांचा प्रकाश, असं ते मांडत. शिखरांचा पुरावा त्यांच्या बाजूने गेला नाही. तरी टक्के हे प्रतिमान (विश्वाचं गृहीत धरलेलं गणिती चित्र) धरून काढलेले आहेत, थेट मोजलेले नाहीत, हे त्यांच्यामुळे आपल्याकडे बोललं गेलं.

तो मुद्दा आता दुसऱ्या दाराने परत आलाय. या नकाशावरून विस्ताराचा वेग निघतो दर मेगापार्सेक अंतरामागे सेकंदाला सुमारे ६७ किलोमीटर, जवळच्या दीर्घिकांमधल्या ताऱ्यांवरून मोजला तर ७३ च्या आसपास. मेळ अजून बसलेला नाही, आणि वरचे टक्के काढताना पहिलाच आकडा धरलेला आहे.