कोड कव्हरेज

कोड कव्हरेज : चाचण्या चालवल्या असता आज्ञावलीच्या मूळ कोडचा किती भाग प्रत्यक्ष चालून गेला, याचे मोजमाप. ते बहुधा टक्केवारीत सांगतात. मराठीत ‘कोड-व्याप्ती’ असा प्रतिशब्द करता येईल. पण सॉफ्टवेअरच्या कामात ‘कव्हरेज किती आलं?’ असेच विचारले जाते, म्हणून येथे रूढ शब्द ठेवला आहे. हाताने केलेल्या चाचण्यांचेही असे मोजमाप होऊ शकते. मात्र कोडमध्ये बदल झाला की चाचण्यांचा सगळा संच आपोआप चालवण्याची पद्धत रुळली, तेव्हाच ते रोजच्या वापरात आले. या पद्धतीच्या प्रसारात केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी केलेल्या एसयुनिट या चाचणी-साधनाचा आणि १९९७ च्या सुमारास बेक व एरिक गामा यांनी जावासाठी लिहिलेल्या जेयुनिटचा वाटा मोठा आहे.

उगम : या कल्पनेचा आरंभ बहुतेक लेखक जोन मिलर आणि क्लिफर्ड मलोनी यांच्या लेखापाशी नेतात. ‘असोसिएशन फॉर कंप्युटिंग मशिनरी’ या अमेरिकी संस्थेच्या मासिकात तो फेब्रुवारी १९६३ मध्ये आला. मात्र हा मान थोडा बेतानेच द्यावा लागतो. आज्ञावलीतील फाटे पद्धतशीर मांडून त्यांवरून चाचणीची उदाहरणे रचावीत, असा त्या लेखाचा रोख होता. काय तपासायचे ते आधी ठरवणे, हा त्याचा विषय. आज ज्याला कव्हरेज म्हणतात ते काम चाचणी उरकल्यावर सुरू होते.

दुसरा धागा वेगाच्या खटपटीतून आलेला आहे. संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड कनूथ यांनी १९७१ मध्ये फोर्ट्रान आज्ञावल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कोडमध्ये गणक (काउंटर) घालून कोणते विधान किती वेळा चालते ते मोजले होते. संगणकाचा वेळ कुठे जातो हे त्यांना शोधायचे होते, चुका नव्हे. पण ज्या विधानापुढे शून्य उमटले ते चाललेच नाही, हे त्याच तक्त्यात आयते दिसते. त्यामुळे कव्हरेजचा हेतू मिलर-मलोनी यांच्या परंपरेतला आणि मोजण्याचे तंत्र या दुसऱ्या घराण्यातले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. एकाच लेखाला जनकत्व देण्याची रीत सोयीची असली तरी तिला फारसा आधार दिसत नाही.

मोजणीचे तंत्र : सर्वांत सरळ उपाय म्हणजे कोडच्या प्रत्येक तुकड्यात एक गणक बसवणे. त्याने आज्ञावली मंदावते. कनूथ व स्टीव्हनसन यांनी १९७३ मध्ये कमीत कमी गणकांत हे काम कसे भागेल याचा विचार मांडला. आज्ञावलीचा प्रवाह वीजमंडलासारखा मानला, तर वाटा जिथे फुटतात वा मिळतात अशा कोणत्याही चौकात जेवढा प्रवाह येतो तेवढाच बाहेर पडतो. म्हणजे किर्खोफचा नियम येथेही लागू पडतो. सर्व चौकांना कुठेही फेरा न होता जोडणारे वाटांचे एक झाड निवडून त्यावरच्या वाटा मोकळ्या सोडायच्या आणि उरलेल्या वाटांवरच गणक बसवायचे. झाडावरचे आकडे बेरीज-वजाबाकीने निघतात. जीसीसी या संकलकासोबत (कंपायलरसोबत) येणारे जीकोव्ह हे साधन आजही याच तत्त्वावर चालते. जावासाठी जाकोको, पायथनसाठी कव्हरेज-पाय, जावास्क्रिप्टसाठी इस्तंबूल ही साधने प्रचलित आहेत.

प्रकार : विधान-कव्हरेजमध्ये प्रत्येक विधान एकदा तरी चालले का एवढेच पाहतात. शाखा-कव्हरेजमध्ये प्रत्येक ‘जर’चा होकार आणि नकार दोन्ही घडले का ते पाहतात. सर्व मार्गांचे कव्हरेज कागदावर आकर्षक दिसते, पण आवर्तने (लूप) असलेल्या आज्ञावलीत मार्ग अगणित होत असल्याने ते सहसा अशक्य ठरते. या दोन टोकांमध्ये ‘सुधारित अट-निर्णय कव्हरेज’ बसते. अभियंते त्याला आद्याक्षरांनी एमसीडीसी म्हणतात. विमानातील सॉफ्टवेअरसाठीच्या डीओ-१७८बी (१९९२) आणि त्यानंतरच्या डीओ-१७८सी (२०११) या मानकांनी ते प्रस्थापित केले. ज्या सॉफ्टवेअरच्या बिघाडाने विमान कोसळू शकते त्या ‘अ’ पातळीला एमसीडीसी, ‘ब’ला निर्णय-कव्हरेज (शाखा-कव्हरेजसारखेच, प्रत्येक निर्णयाचे दोन्ही निकाल पाहणारे), ‘क’ला विधान-कव्हरेज लागते, ‘ड’ पातळीला यांपैकी कशाचीच सक्ती नाही.

एमसीडीसीचा नियम असा, की निर्णयातील प्रत्येक अट एकटीच्या बळावर निकाल पालटू शकते हे दाखवून द्यावे. ‘(क आणि ख) किंवा ग’ हा निर्णय घेऊ. तीन अटींच्या आठ जुळण्या होतात, पण चार पुरतात : खरे-खरे-खोटे, खोटे-खरे-खोटे, खरे-खोटे-खोटे आणि खरे-खोटे-खरे. पहिली व दुसरी मिळून क सिद्ध होते, पहिली व तिसरी मिळून ख, तिसरी व चौथी मिळून ग. सामान्यतः अटी जितक्या, त्याहून किमान एक चाचणी जास्त लागते. याच निर्णयाच्या शाखा-कव्हरेजला पहिल्या दोनच पुरल्या असत्या आणि ग चा स्वतंत्र परिणाम कोणी तपासलाच नसता.

येथेही मतभेद आहे. मूळ वाचनानुसार जोडीतील दोन चाचण्यांत तपासायची अट सोडून बाकी सर्व अटी जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत. एकच चल दोन अटींत आला की हे कधीकधी तर्कतःच अशक्य होते. म्हणून बाकीच्या अटी बदलल्या तरी त्यांचा परिणाम झाकला गेला असेल तर चालेल, असे शिथिल वाचन पुढे आले. विमान-प्रमाणन करणाऱ्या यंत्रणांच्या सॉफ्टवेअर गटाने २००१ मध्ये त्याची कारणमीमांसा करून ते ग्राह्य मानले. व्यवहारात हेच वाचन टिकाऊ ठरते.

मर्यादा : चाचणीने दोष आहेत हे दाखवता येते, ते नाहीत हे दाखवता येत नाही, असे संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७० च्या सुमारासच बजावले होते. कव्हरेजला ही अडचण दुहेरी भोवते. एक म्हणजे, ओळ चालली याचा अर्थ तिचे उत्तर कोणी पडताळले असा नव्हे. एकही पडताळणी न करणारी चाचणीसुद्धा शंभर टक्के मिळवू शकते. दुसरे, जो कोड लिहायचाच राहिला त्याचे कव्हरेज मोजता येत नाही. चारने भाग गेला की लीप वर्ष, एवढेच सांगणारे फलन (फंक्शन) २०२३ व २०२४ या दोन चाचण्यांत पूर्ण कव्हर होते. चारने भाग जाऊनही लीप नसलेले १९०० साल मात्र चुकते.

कव्हरेजला काय दिसते आणि काय दिसत नाही, या दोन्ही बाजूंची ठळक उदाहरणे २०१४ साली घडली. फेब्रुवारीत ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ (थेट अपयशाच्या भागाकडे जा) ही ओळ चुकून दोनदा आल्याचे उघड झाले. दुसरी ओळ बिनशर्त असल्याने डिजिटल सहीची अखेरची पडताळणी कधी होतच नव्हती. साध्या विधान-कव्हरेजच्या तक्त्यातही तो न चाललेला भाग दिसला असता. एप्रिलमध्ये इंटरनेटवरील जोडण्या सुरक्षित करणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधील हार्टब्लीड दोष समोर आला. त्यात आलेल्या संदेशात सांगितलेल्या लांबीची तपासणी मुळात लिहिलेलीच नव्हती, म्हणून कव्हरेजच्या तक्त्यात दाखवण्यासारखे काहीच नव्हते.

कव्हरेजची टक्केवारी आणि दोष पकडण्याची ताकद यांचे नाते काय, हा जुना वाद त्याच वर्षी हैदराबादला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सॉफ्टवेअर अभियांत्रिकी परिषदेत दोन परस्परविरोधी निबंधांनी पुढे आला. लॉरा इनोझेम्त्सेवा व रीड होम्स यांनी पाच मोठ्या जावा प्रकल्पांसाठी ३१,००० चाचणीसंच रचून पाहिले. संचातील चाचण्यांची संख्या सारखी ठेवली तर हा संबंध कमी ते मध्यमच उरतो, असे त्यांना आढळले. राहुल गोपीनाथ, कार्लोस जेन्सन व ॲलेक्स ग्रोस यांनी शेकडो जावा प्रकल्प तपासले आणि विधान-कव्हरेजवरून संचाची ताकद बऱ्यापैकी ओळखता येते असे म्हटले. दोघांची मोजपट्टी एकच होती : कोडमध्ये मुद्दाम बारीक बिघाड करून किती पकडले जातात ते पाहणे, म्हणजे उत्परिवर्तन चाचणी. वरवर दिसतो तेवढा विरोध येथे नसावा. एकाने एकाच प्रकल्पातील समान आकाराचे संच तुलनेला घेतले, दुसऱ्याने निरनिराळे प्रकल्प. कव्हरेज कमी असेल तर काहीतरी नक्की राहिले आहे. जास्त असेल तर ते एवढ्यावरून कळत नाही, हे दोन्ही निष्कर्षांशी जुळते.

आकडाच उद्दिष्ट झाला की तो फुगवणे सोपे असते, ही तक्रार सार्वत्रिक आहे. गूगलने २०२० मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शनात ६० टक्के चालण्याजोगे, ७५ टक्के प्रशंसनीय आणि ९० टक्के आदर्श मानले आहे.

शंभर टक्क्यांचा अनुभव : एसक्यूलाइट या डेटाबेसच्या गाभ्याने २००९ पासून शाखा आणि एमसीडीसी दोन्ही शंभर टक्के राखले आहेत. त्याच्या चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या काहीशे पट आहे. असे काही घडूच नये, पण घडलेच तर सावरण्यासाठी लिहिलेला बचावात्मक कोड चालवून दाखवता येत नाही. त्यामुळे पूर्ण कव्हरेजचा हट्ट त्याच्याच मुळावर येतो. यावर एसक्यूलाइटच्या विकासकांनी ‘नेहमी’ आणि ‘कधीच नाही’ अशा अर्थाचे मॅक्रो (संकलनाआधी कोडमध्ये बदलून टाकले जाणारे छोटे संकेत) योजले आहेत. कव्हरेज मोजताना ते स्थिर मूल्ये होतात, वितरणाच्या वेळी बचाव म्हणून उभे राहतात. शिवाय यादृच्छिक आदानांचा (इनपुटचा) मारा करणाऱ्या फझ चाचणीशी एमसीडीसीचा ताण असतो, असे त्यांचेच निरीक्षण आहे.

भारत : मोटारींतील सॉफ्टवेअरसाठीच्या आयएसओ २६२६२ मानकाने सर्वाधिक जोखमीच्या पातळीला एमसीडीसीची जोरदार शिफारस केल्यामुळे वाहन-सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हा विषय आला. पुण्यातील टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्रात (स्थापना १९८१) सी भाषेतील आज्ञावल्यांसाठी चाचणी-आदाने आपोआप तयार करण्यावर काम झाले आहे. टाटा कन्सल्टन्सीच्या संशोधकांचे व्हेरिफझ हे साधन २०१९ च्या टेस्ट-कॉम्प या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरले होते. दोष शोधणे आणि शाखांचे कव्हरेज गाठणे अशा दोन कसोट्या त्या स्पर्धेत असतात.