बालीत राहायचं कुठे? हॉटेल बुक करण्याआधी हे वाचा

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात रोज एक-दोघं तरी विचारतात, "बालीत राहायला सगळ्यात चांगला एरिया कोणता?" मे महिन्याआधी तर फोनवर दुसरा विषयच नसतो. सांगायला आम्हाला आवडतं, पण काउंटरवर गर्दी असली की चार गोष्टी सांगायच्या राहतात, आणि नेमक्या त्याच तिकडे गेल्यावर नडतात. म्हणून हे पत्रक छापलं आहे. तुमच्या ग्रुपमध्ये हॉटेल शोधायचं काम ज्यांच्याकडे आहे, त्यांना ते आधी वाचायला द्या.

व्हिसाबद्दल बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर तिथे उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, त्याचे ५ लाख रुपिया (हे इंडोनेशियाचं चलन, आपले रुपये नव्हेत). शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पाहुण्याला बाली सरकारची दीड लाख रुपियांची फी भरावी लागते. दोन्ही इथूनच ऑनलाइन भरता येतं आणि आम्ही ते भरून देतो.

सहा रात्री, एकच हॉटेल

आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा-सात जणांची चूक हीच असते. हॉटेल आधी बुक होतं, फोटो आणि दर बघून, सगळ्या रात्रींसाठी, तेही पैसे परत न मिळणाऱ्या दरात. मग आमच्याकडे येऊन म्हणतात, "राहायचं झालंय, आता फक्त गाडी लावून द्या." बाली बेट आहे, म्हणजे सगळं जवळच असणार, असा समज असतो.

गेल्या मे महिन्यात मांजलपूरचं एक कुटुंब गेलं, आजी-आजोबा धरून आठ जण. चांगू भागात व्हिला घेतला होता. व्हिला खरोखर सुरेख होता. स्वतःचा पूल, स्वयंपाकघर, समोर भाताचं शेत. पण त्यांना बघायचं होतं ते लेम्पुयांगचं देऊळ, ज्वालामुखी दिसतो ते किंतामणी, उबुद आणि बोटीने जायचं नुसा पेनिडा बेट, म्हणजे सगळं पूर्वेला आणि उत्तरेला. चांगू पश्चिम किनाऱ्यावर. आम्ही कागदावर तास मांडून दाखवले, पण पैसे भरून झाले होते. लेम्पुयांगच्या दिवशी पहाटे चारला निघाले, सातला पोचले, फोटोसाठी नंबर यायला अडीच तास लागले आणि संध्याकाळी पाचला परत आले. आजींचे पाय सुजले होते. दुसऱ्या दिवशी किंतामणी, तिसऱ्या दिवशी बोटीसाठी पुन्हा पहाटे उठणं. ज्या पूलसाठी एवढे पैसे मोजले, त्यात मुलं सहा दिवसांत एकदाच उतरली, तीही रात्री. असा निरोप वाचला की आम्हाला वाईट वाटतं. हाच खर्च नीट वाटला असता तर हीच सहल आरामात झाली असती.

(लेम्पुयांगच्या फोटोत दरवाजाखाली जे तळं दिसतं ते तळं नाही. तिथला माणूस मोबाईलखाली आरसा धरतो. देऊळ सुंदरच आहे, पण रांग फोटोसाठी असते हे जाणून जा.)

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका

उबुद ते उलुवातू साधारण पन्नास किलोमीटर, म्हणजे आपल्या बडोद्याहून पावागड तेवढंच. पावागडच्या पायथ्याशी आपण सव्वा तासात पोचतो. तिथे दोन तास धरायचे, संध्याकाळी अडीच. ड्रायव्हर हळू चालवत नाही, रस्तेच तसे आहेत.

त्याचं कारण जमिनीत आहे. बेटाच्या मधोमध ज्वालामुखींचे डोंगर आहेत, त्यातला आगुंग तर तीन हजार मीटरच्या वर. तिथून निघणाऱ्या नद्या समुद्राकडे जाताना खोल घळ्या कापत जातात. मुख्य रस्ते या घळ्यांच्या मधल्या उंचवट्यांवरून डोंगराकडून समुद्राकडे जातात. आडवे रस्ते कमी, आणि आहेत ते अरुंद. नकाशावर चांगू आणि उबुद शेजारी दिसतात, पण गाडी वळसा घालत जाते. वर स्कूटरची गर्दी. नवरात्रात गरबा सुटल्यावर अलकापुरीत गाडी अडकते ना, दक्षिण बालीत रोज संध्याकाळी साधारण तसंच असतं. विमानतळ, बेनोआ आणि नुसा दुआ जोडणारा समुद्रावरचा टोल रस्ता २०१३ साली झाला, म्हणून तेवढा एक टप्पा झटपट होतो.

म्हणून आम्ही तुम्हाला आधी विचारतो की बघायचं काय आहे. राहायचं कुठे ते त्यावरून ठरतं.

उबुद आणि सानूर

बडोद्याहून कुटुंबासह जाणाऱ्यांना आम्ही बहुतेक वेळा ही जोडी सुचवतो. आधी उबुदला तीन रात्री, मग सानूरला तीन.

उबुदला समुद्र नाही, हे आधीच सांगतो, कारण काहींना तिथे पोचल्यावर कळतं. तिथे राहायचं ते भातशेतीच्या पायऱ्या, देवळं आणि नृत्य यांसाठी. तेगालालांगची शेतं, तीर्थ एम्पुलचे झरे, गोवा गजाची गुहा, सगळं अर्ध्या-पाऊण तासाच्या आत. किंतामणीला सव्वा तास, लेम्पुयांगला दोन. पहाटे चारला उठायची गरज राहत नाही. हवा किनाऱ्यापेक्षा जरा गार. सकाळी दार उघडलं की उंबऱ्याबाहेर नारळाच्या पानाची हातभर नाही, तळहाताएवढी टोपली ठेवलेली दिसेल. आत दोन-चार रंगांची फुलं, भाताची शितं, वर पेटती उदबत्ती. तिला चानांग सारी म्हणतात. रोज नवी ठेवतात, फुटपाथवर, दुकानापुढे, अगदी स्कूटरवरसुद्धा. पाय पडू देऊ नका, मुलांनाही सांगा.

उबुदमध्ये एकच काळजी घ्या. 'व्हॅली व्ह्यू' असलेली बरीच हॉटेलं घळीच्या उतारावर बांधलेली आहेत. रिसेप्शन वर, खोली खाली, मध्ये साठ-सत्तर पायऱ्या, आणि पावसात त्या निसरड्या होतात. फोटोत दरी दिसते, पायऱ्या दिसत नाहीत. घरातल्या कुणाचे गुडघे दुखत असतील तर बुकिंगच्या आधी बोला. आम्ही हॉटेलला विचारून रिसेप्शनच्या लेव्हलची खोली लिहून घेतो. आणखी एक, उबुदमध्ये बऱ्याच ठिकाणी ॲपवरची टॅक्सी आत येऊन पॅसेंजर घेऊ शकत नाही, स्थानिक ड्रायव्हर हरकत घेतात. दिवसाची गाडी ठरवलेली बरी.

सानूर पूर्व किनाऱ्यावर आहे. समोर समुद्रात प्रवाळाचा कठडा असल्यामुळे लाटा बाहेरच मोडतात, पाणी शांत राहतं आणि लहान मुलांना घेऊन बसता येतं. मात्र ओहोटीला पाणी बरंच आत जातं, तेव्हा पोहण्याची वेळ हॉटेलला विचारून ठरवा. किनाऱ्यालगत पाच-सहा किलोमीटरचा सपाट फरसबंद रस्ता आहे. कामाटी बागेत रोज सकाळी फेरी मारणाऱ्या आमच्या ज्येष्ठ ग्राहकांना सानूरच सगळ्यात जास्त आवडतं. सूर्योदय समुद्रावर होतो. नुसा पेनिडाच्या बोटी सानूरच्याच धक्क्यावरून सुटतात, म्हणजे सकाळी आठची बोट असली तरी साडेसातला हॉटेलातून निघालं तरी चालतं. तीच बोट चांगूहून पकडायची तर सहाला निघावं लागतं.

पेनिडाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला असतो आणि बेटावरचे रस्ते खराब आहेत. पाठीचा त्रास असणाऱ्यांनी तो दिवस सानूरच्या किनाऱ्यावर घालवावा. आम्ही पेनिडाचं पॅकेज विकतो, तरीही हे सांगतो.

बाकीचे भाग

नुसा दुआ: मोठी रिसॉर्ट, स्वच्छ, शांत, बंदिस्त. नवविवाहितांना आणि ज्यांना कुठेच फिरायचं नाही त्यांना उत्तम. गेटाबाहेर पायी जाऊन काही खाता येईल असं फारसं नाही, आणि आतलं महाग.

कुटा आणि लेगियान: विमानतळाजवळ, स्वस्त, दुकानं भरपूर, भारतीय जेवणही सहज मिळतं. पण लाटा जोरदार आणि पाण्याला ओढ आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा, लाल झेंडा असेल तर अजिबात नाही. पहाटेचं विमान असेल तर शेवटची एक रात्र इथे ठीक.

सेमिन्याक आणि चांगू: कॅफे, क्लब, सर्फिंग. पंचविशीतल्या मित्रांच्या ग्रुपला हेच द्यावं, त्यांनी उबुदला सहा रात्री घेतल्या तर ते कंटाळतात.

उलुवातू: कड्यावरचं देऊळ आणि सूर्यास्ताचं केचाक नृत्य चुकवू नका. राहायला मात्र सर्फिंगवाल्यांनीच जावं, किनाऱ्यावर उतरायला पायऱ्याच पायऱ्या. माकडं चष्मा आणि मोबाईल हिसकावतात, चष्म्याला दोरी लावा.

लोविना उत्तरेला, विमानतळापासून तीन तास. डॉल्फिन बघायचेच असतील तर एक रात्र तिथे राहा, दक्षिणेतून एका दिवसात जाऊन येऊ नका.

"पण दोनदा बॅगा कोण भरणार?"

हे प्रत्येक घरात ऐकू येतं आणि ते खरंही आहे. म्हणूनच आम्ही तीन-चार हॉटेलं कधी सुचवत नाही. हॉटेल बदललं की अर्धा दिवस जातो, अकरा-बाराला खोली सोडायची आणि नवी मिळते दोन-तीनला. पण हा मधला वेळ आम्ही वाया जाऊ देत नाही. बॅगा गाडीत, तुम्ही रस्त्यातली देवळं बघत, जेवत पुढच्या मुक्कामी. ज्या दिवशी हॉटेल बदलायचं तोच फिरण्याचा दिवस. चार रात्रींपेक्षा कमी जात असाल तर मात्र एकच जागा ठेवा आणि अर्धी यादी सोडून द्या.

शेवटचा मुक्काम नेहमी दक्षिणेला ठेवतो. परतीच्या दिवशी उबुदहून विमानतळ गाठायचा तर ट्रॅफिकचा भरवसा नाही.

आमचा दर ॲपपेक्षा जास्त का दिसतो

बऱ्याच वेळा जास्त असतोही. पण आधी दोन्ही आकडे एका पातळीवर आणा. बालीत किमतीपुढे बऱ्याच ठिकाणी दोन अधिकची चिन्हं असतात. त्याचा अर्थ, कर आणि सेवाशुल्क वेगळं, मिळून २१ टक्क्यांपर्यंत. आम्ही हे धरूनच दर सांगतो. नाश्ता, रद्द करण्याची मुदत, आणि अकरा वर्षांच्या मुलासाठी तिसरा पलंग मिळणार की नाही, हे हॉटेलकडून लेखी घेतो. ॲपवर दोघांची खोली घेऊन चौघं पोचले की रिसेप्शनवर जे होतं ते रात्री अकराला फोनवरून सोडवावं लागतं, आणि आम्ही ते सोडवतोही, मग बुकिंग आमचं असो वा नसो.

नुसता प्लॅन करून हवा असेल तर आम्ही त्याचे पैसे घेतो, आणि पुढे बुकिंग आमच्याकडे केलंत तर ते बिलातून वजा करतो. यावर काही जण नाराज होतात. पण एका कुटुंबाचे तास, वय, खाणं आणि विमानं जुळवायला आमचा पूर्ण दिवस जातो.

खाणं आणि हवामान

बाली हिंदू आहे, पण शाकाहारी नाही. भाज्यांच्या पदार्थांतही कोळंबीची चटणी पडते, तिला तेरासी म्हणतात. 'तान्पा तेरासी', म्हणजे तेरासी नको, एवढे दोन शब्द पाठ करा. उबुदमध्ये शाकाहारी जेवण सगळ्यात सोपं, आणि टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) सगळीकडे मिळतं.

एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ. दिवाळीत पाऊस नुकता सुरू होत असतो. डिसेंबर ते मार्च वाऱ्याने पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे कुटा ते सेमिन्याक पट्ट्यात, प्लास्टिकचा कचरा येऊन पडतो. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी समुद्रासाठी सानूर किंवा नुसा दुआच घ्यावं.

आणि गुढीपाडव्याला जोडून जायचं असेल तर आधी विचारा. बालीतही आपलाच शक चालतो. त्यांचं नववर्ष न्येपी, कधी पाडव्याच्याच दिवशी येतं, कधी आगेमागे. २०२५ साली पाडवा ३० मार्चला आणि न्येपी २९ ला होती. २०२६ साली दोन्ही १९ मार्चला, शके १९४८. न्येपीला चोवीस तास विमानतळ बंद, रस्त्यावर कुणी नाही, पाहुण्यांनाही हॉटेलच्या बाहेर जाता येत नाही आणि रात्री दिवे झाकतात. मुद्दाम अनुभवावं असं आहे, पण त्यासाठी राहण्याची जागा मोठी आणि मोकळी हवी.

ऑफिसला येताना सगळ्यांचे पासपोर्ट (परतीपर्यंतच नव्हे, बालीत पोचल्यापासून सहा महिने वैध हवेत), कोण काय खातं, कुणाला पायऱ्या चालत नाहीत, कुणाला पोहता येतं, आणि नक्की बघायच्या पाच जागा, एवढं एका कागदावर लिहून आणा. हॉटेल मनात असेल तर त्याचं नाव आणा, बुकिंग करू नका. नकाशा भिंतीवर लावलेला आहे, त्यावर तास लिहिलेले आहेत. शनिवारी सकाळी गर्दी कमी असते.