पत्त्यावरचं नाव आणि पडताळलेलं नाव

सर्व्हरच्या लॉगमधली, म्हणजे कोण आलं-गेलं याच्या नोंदींमधली, एक ओळ समोर ठेवते. आयपी पत्ता १९८.५१.१००.२०, नाव निपाणी.एक्झाम्पल.कॉम. दोन्ही नमुन्यादाखल आहेत. हा पत्त्यांचा गट आणि हे डोमेन उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे. ही ओळ वाचली की कुणालाही वाटतं, निपाणी शाखेतून कोणीतरी सर्व्हरवर आलं. माझ्यासोबत काम करणारा मुलगाही हेच म्हणाला, "नाव दिसतंय की मॅडम, अजून काय पाहिजे?"

मी बेळगावातल्या एका सोसायटीचे सर्व्हर सांभाळते. हे वाक्य मी स्वतःही कधीकाळी म्हटलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

त्या ओळीत सर्व्हरला स्वतःला माहीत असलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे पत्ता. टीसीपी जोडणी करताना सर्व्हर त्या पत्त्यावर उत्तर पाठवतो आणि तिकडून प्रत्युत्तर आल्यावरच बोलणं सुरू होतं. म्हणून तिथे खोटा पत्ता देऊन संभाषण चालवणं फार अवघड असतं. नाव मात्र जोडणीसोबत येत नाही. सर्व्हर मागाहून डीएनएसला, म्हणजे नावं आणि पत्ते सांगणाऱ्या इंटरनेटवरच्या यंत्रणेला, विचारतो, "या पत्त्याचं नाव काय?" या प्रश्नाला रिव्हर्स लुकअप म्हणतात. जे उत्तर मिळतं ते लॉगमध्ये छापलं जातं आणि पाहणाऱ्याला ते पडताळलेलं नाव वाटतं. सगळा घोटाळा इथेच होतो. विचारून मिळालेलं नाव आणि पडताळलेलं नाव लॉगमध्ये अक्षरशः सारखी दिसतात, पण त्यांची किंमत सारखी नसते.

कारण नोंदवह्या दोन आहेत आणि त्या लिहिणारे हातही वेगळे आहेत. नावावरून पत्ता सांगणारी नोंद, म्हणजे ए रेकॉर्ड किंवा आयपीव्ही६ या नव्या, लांब पत्त्यांसाठी क्वाड-ए रेकॉर्ड, डोमेनचा मालक लिहितो. पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद, म्हणजे पीटीआर रेकॉर्ड, ज्याच्याकडे पत्त्यांचा गट आहे तो लिहितो. आशिया-पॅसिफिक भागात हे गट एपनिक वाटते, भारतात आयआरआयएनएन ही नोंदणी आहे, आणि तिथून ते इंटरनेट पुरवणाऱ्यांकडे येतात. आपल्या ऑफिसच्या पत्त्याला नाव लावायचं असेल तर पुरवठादाराला विनंती करावी लागते, ती याचमुळे. आता उलट बाजूने बघा. ज्याच्या हातात एखाद्या गटाची उलटी नोंदवही आहे, तो तिथे वाटेल ते नाव लिहू शकतो. त्या नावाच्या मालकाला कोणी विचारत नाही, आणि नोंद लिहिताना डीएनएस ते तपासतही नाही.

गणपत गल्लीत कुणी आपल्या गाळ्यावर "अमुक सोसायटीची शाखा" असा बोर्ड लावला, तर बोर्ड वाचून एवढंच कळतं की गाळेवाल्याने तसं लिहिलंय. खरं काय ते बघायला त्या सोसायटीच्या मुख्य ऑफिसात जावं लागेल, शाखांची यादी काढावी लागेल आणि हा गाळा त्यात आहे का ते बघावं लागेल. रिव्हर्स लुकअप म्हणजे बोर्ड वाचणं. पडताळणी म्हणजे ती यादी बघून येणं.

मी बोर्डावर विश्वास ठेवला होता. शाखांसाठी एक आतलं पान होतं, आणि ते कुणाला उघडू द्यायचं हे मी नावावर ठरवलं होतं: नाव आपल्या डोमेनचं असेल तर आत. तो छोटा प्रोग्राम मीच लिहिला होता आणि तो फक्त रिव्हर्स लुकअप करत होता. एका सकाळी लॉगमध्ये रात्री उशिराची एक नोंद दिसली. नाव आमच्याच शाखेसारखं, पत्ता कधी न पाहिलेला. मी त्या नावाचा फॉरवर्ड लुकअप केला, म्हणजे नावावरून पत्ता विचारला, तर तसं नाव आमच्या नोंदवहीत नव्हतंच. कुणीतरी आपल्या पत्त्याला आमचं नाव लावून घेतलं होतं. पानाला वेगळा पासवर्ड होता म्हणून पुढे काही झालं नाही, पण पिग्मी भरणाऱ्या माणसांची खाती त्या दारामागे होती. तो दिवस मी विसरलेले नाही.

ही चूक जुनी आहे. एकेकाळी युनिक्स मशिनं आर-लॉगिन, आर-शेल या दुसऱ्या मशिनवरून आत येण्याच्या सोयी वापरताना एका फाईलमधली नावं बघून बिनपासवर्ड आत घेत असत, आणि खोटी पीटीआर नोंद लावून तिथे शिरता येत असे. वीत्से वेनेमा यांच्या टीसीपी रॅपर्स या जोडण्या गाळणाऱ्या प्रोग्राममध्ये नाव आणि पत्ता जुळत नसेल तर जोडणी तोडण्याची सोय आली, ती अशाच अनुभवांतून.

उलटी नोंद शोधली कशी जाते हेही बघण्यासारखं आहे. १९८.५१.१००.२० हा पत्ता उलटवून २०.१००.५१.१९८ असा करतात, त्यामागे इन-ॲडर.आर्पा जोडतात आणि मग नेहमीच्या नावासारखाच तो विचारतात. उलटवायचं कारण सरळ आहे. डोमेनचं नाव आपल्या पाकिटावरच्या पत्त्यासारखं असतं: घर, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा, म्हणजे लहानाकडून मोठ्याकडे. आयपी पत्ता मात्र मोठ्याकडून लहानाकडे जातो. दोन्हींचा क्रम जुळवला की नोंदवही टप्प्याटप्प्याने खाली सोपवता येते. १९८७ साली आरएफसी १०३५ या इंटरनेटच्या नियमपत्रकात ही पद्धत लिहिली गेली, आजही तीच चालते. आयपीव्ही६ साठी आयपी६.आर्पा आहे, तिथे एकेक हेक्स अंक उलटवावा लागतो.

पडताळणी करायची ती अशी. आलेल्या पत्त्यावरून नाव काढा. त्या नावावरून पत्ते काढा. मूळ पत्ता त्या पत्त्यांत आहे का ते बघा. असेल तर दोन्ही नोंदवह्यांचे मालक एकमेकांना ओळखतात असं म्हणता येतं. नसेल तर नाव टाकून द्या आणि पत्ताच वापरा.

इथे अनेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. नाव घेतात, त्याचा पत्ता काढतात, पत्त्यावरून परत नाव काढतात, ते वेगळं आलं की "जुळत नाही" म्हणून घाबरतात. पाकिटावर बेळगाव लिहा नाहीतर बेळगावी, ५९०००१ हा पिन असेल तर पत्र एकाच पोस्टात येतं. पण त्या पिनवरून सरकारी कागदात नाव शोधलं तर १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी एवढंच मिळेल. म्हणून बेळगाव लिहिणारा काही खोटा ठरत नाही. एका सर्व्हरवर शंभर वेबसाइट असतात आणि पीटीआर बहुधा एकच असतो. त्यामुळे निघायचं पत्त्यापासून आणि पोहोचायचंही पत्त्यालाच. नावाला नाव जुळवत बसू नये.

स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आणखी काही खाचखळगे लक्षात ठेवावेत. एका नावाचे अनेक पत्ते असू शकतात. पहिलाच बघून निकाल देऊ नका. पत्ते मजकूर म्हणून जुळवू नका, कारण तोच आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीचा, पत्ता काही सर्व्हरवर आयपीव्ही६ च्या वेषात, पुढे दोन कोलन आणि चार एफ लावून येतो. पीटीआरमध्ये नावाच्या जागी कुणी आकडेच लिहून ठेवले असतील तर ती फसवणूक समजा. दूरच्या मशिनवर लॉगिन करायला वापरतात ते ओपनएसएसएच हे मुद्दाम तपासतं. आणि शेवटचा भाग बघताना टिंब विसरू नका. गुगलबॉट.कॉम ने संपणारं नाव शोधाल तर नकलीगुगलबॉट.कॉम सुद्धा त्यात बसतं. खरा गुगलबॉट, म्हणजे गुगलसाठी वेबसाइट वाचत फिरणारा प्रोग्राम, ओळखायला गुगल स्वतः हीच दुहेरी तपासणी सांगते, कारण ब्राउझरचं नाव कुणीही खोटं लिहू शकतं.

तयार सॉफ्टवेअर यातलं काय करतं हे माहीत असलं पाहिजे. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर पूर्ण तपासणी करतो. नाव जुळलं नाही तर लॉगमध्ये नावाच्या जागी अननोन लिहितो. अपाचे या वेब सर्व्हरमध्ये होस्टनेम-लुकअप्स ही सेटिंग मुळात बंद असते. ती ऑन केली तर फक्त बोर्ड वाचला जातो, डबल केली तर यादीही बघितली जाते. प्रवेशाचा नियम नावावर लिहिला तर मात्र अपाचे ती सेटिंग न बघता दुहेरी तपासणी करतो. हा फरक मला वेळेवर कळला असता तर स्वतःचा प्रोग्राम लिहिलाच नसता.

प्रत्येक लुकअपला वेळही लागतो. उलट्या नोंदवहीचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर लिनक्स प्रत्येक प्रयत्नाला मुळात पाच सेकंद थांबतं. लॉगिन अडकल्यासारखं वाटतं ते कधी कधी यामुळेच. ओपनएसएसएचने २०१५ च्या ६.८ आवृत्तीत हे लुकअप करायला लावणारी यूज-डीएनएस ही सेटिंग मुळात बंद ठेवायला सुरुवात केली.

आणि पत्ता खरा असला तरी तो माणसाचा असतोच असं नाही. मध्ये प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ सर्व्हर, असेल तर सर्व्हरला प्रॉक्सीचाच पत्ता दिसतो. मूळ पत्ता सांगणारी एक्स-फॉरवर्डेड-फॉर ही ओळ तुमच्या स्वतःच्या प्रॉक्सीने लिहिली असेल तरच माना, पाहुण्याने पाठवलेली मानू नका. मोबाईलवर पुरवठादार अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवतात. निपाणीतला पिग्मी एजंट आणि खानापुरातला एक अनोळखी माणूस एकाच पत्त्यावरून आलेले दिसू शकतात, तेही पूर्ण पडताळलेल्या नावासकट.

आता आमच्या लॉगमध्ये तीन रकाने आहेत: पत्ता, सांगितलेलं नाव, जुळलं की नाही. शाखांच्या पानावरून नावाचा नियम मी काढून टाकला. तिथे आता व्हीपीएन, म्हणजे खाजगी सुरक्षित जोडणी, आणि प्रत्येक शाखेचं वेगळं सर्टिफिकेट लागतं. तो मुलगा रोज सकाळी तिसरा रकाना आधी बघतो.