शिलेदार आणि बारगीर: घोडा कोणाचा ते आधी विचारा

गणपती आले की पुण्यातल्या चौकाचौकांत फ्लेक्स लागतात, ‘साहेबांचे निष्ठावंत शिलेदार’. शिलेदार म्हणजे मानकरी आणि बारगीर म्हणजे त्याच्या हाताखालचा हलका गडी, असं गृहीत धरूनच सगळे बोलतात. शिवकाळाबद्दल इतक्या आस्थेने बोलणाऱ्या शहरात हे फार खटकतं.

दोघेही घोडेस्वार, दोघांवरही सरनोबताचा, म्हणजे सेनापतीचा हुकूम. पोशाख, हत्यारं वगैरे फरक सोडून द्या. मावळ्यांचं पायदळ या वाटणीत येतच नाही.

शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा, बारगिराला घोडा सरकारी पागेतून, म्हणजे राज्याच्या स्वतःच्या घोडदळातून मिळायचा. एवढं सगळ्यांना पाठ असतं, पण त्यातून काय निघतं तिकडे कोणी बघत नाही. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याचं भांडवल. ऐन लढाईत ते जपायचा मोह त्याला होणारच. शिवाय उद्या दुसऱ्या दरबाराने जास्त दिलं, तर घोड्यावर मांड टाकून निघून जायला तो मोकळा. बारगिराचं तसं नाही. त्याचा घोडा राज्याचा, म्हणून त्याची बांधिलकीही थेट राज्याशी. निष्ठेचं माप लावायचंच असेल, तर माझ्या मते मान बारगिराचा.

एकीकडे आदिलशाही, दुसरीकडे मोगल. अशा वेळी महाराजांनी पागा बळकट केली आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली ठेवलं, बंडाला वाव राहू नये म्हणून. महाराजांची बखर लिहिणाऱ्या सभासदाने हे स्वच्छ लिहून ठेवलंय. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. जुमलेदाराला वर्षाला ५०० होन (सोन्याची नाणी), हजारीला १०००. दर २५ घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी. म्हणजे घोड्याची नाल आणि पाणीसुद्धा सरकारी. पगार रोख किंवा वरातीने (खजिन्यातून पैसे देण्याच्या लेखी हुकमाने), त्यासाठी गावं तोडून द्यायची नाहीत. दसऱ्याला छावणीतून निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूंची यादी व्हायची, परतल्यावर झडती.

ही घडी पुढे टिकली नाही. १६८९ मध्ये रायगड पडला, रोख पगाराला पैसा उरला नाही, आणि राजाराम महाराजांना सरंजामाची, म्हणजे फौज बाळगण्यासाठी मुलुखाचा वसूल तोडून देण्याची आश्वासनं देऊन सरदार उभे करावे लागले. त्या सरदारांनी स्वराज्य वाचवलं, यात वाद नाही. पण फौज आता त्यांच्या पदरची होती, आणि पुढे पेशव्यांना मोहिमेआधी ‘लवकर येऊन सामील व्हा’ म्हणून त्यांना पत्रांमागून पत्रं धाडावी लागली.