बगळा डोळे मिटत नाही

ढोंगी माणसाला आपण सर्रास ‘बगळाभगत’ म्हणतो. बकध्यान हा त्याचाच संस्कृत अवतार. ‘बक’मधला क प्राकृतात ग झाला, जसा काकचा काग झाला, आणि पुढे मराठीत बगळा आला. डबक्याकाठी दिसणाऱ्या मातकट ढोकरीचं तर दुसरं नावच ‘वंचक’. बसली की चिखलात मिसळून जाते आणि उडाली की एकदम पांढरे पंख दिसतात, म्हणून ते तिला शोभतंही. पण ध्यानाचा आरोप मला मान्य नाही. निश्चल उभा असलेला बगळा डोळे उघडे ठेवून एक अवघड गणित सोडवत असतो.

पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, हे शाळेत शिकलेलं आठवा. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा, साधारण 1.33. त्यामुळे 20 सेंटिमीटर खोल असलेला मासा सरळ वरून पाहिला तर 15 सेंटिमीटरवर भासतो. पण बगळा सहसा तिरका पाहतो. नजर उभ्या रेषेपासून 60 अंश कललेली असेल, तर तोच मासा जेमतेम 10 सेंटिमीटरवर दिसतो. म्हणजे दिसतो तिथे चोच मारली तर ती माशाच्या वरूनच जाणार. बरं, एकच ठरावीक दुरुस्ती करूनही भागत नाही, कारण खऱ्या आणि भासमान खोलीचं गुणोत्तर कोनानुसार बदलतं.

गादी कात्झीर आणि नेथन इंट्रेटर यांनी 1987 साली रीफ हेरॉन या किनाऱ्यावरच्या बगळ्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत दिसलं ते विलक्षण आहे. चोच मारण्याआधी बगळा डोकं हलवून अशी जागा गाठतो, की तिथून खरी आणि भासमान खोली यांचं नातं ठरावीक राहतं. कोन आणि खोली सुटी सुटी मोजत बसण्याऐवजी तो आधी सोयीच्या जागी येतो आणि मगच झेप घेतो. मला यातलं सौंदर्य इथेच वाटतं.

झेपेचा वेग मानेतून येतो. मानेतला सहावा मणका लांबट असतो, त्यामुळे मान इंग्रजी एससारखी दुमडते आणि क्षणात सरळ होते.

बगळ्यांची रांग दिसली की मुलं नखं घासत कवड्या मागतात. खेळ गोड आहे, पण नखावरचे पांढरे ठिपके बगळा देत नाही आणि बहुतेक वेळा ते कॅल्शियमच्या कमतरतेनेही येत नाहीत. नखाच्या मुळाला झालेली बारीकशी इजाच सहसा त्याला कारण असते. त्यासाठी गोळ्या घेऊ नका.

बगळ्याच्या स्तब्धतेबद्दल आणखी एक. वाऱ्याने फांदी हलली तरी तीवर बसलेल्या बगळ्याचं डोकं जागच्या जागी राहतं, शरीर खालीवर होतं आणि मधली मान तो फरक भरून काढते. डोकं हललं असतं तर पाण्याखालचा मासाही नजरेत सतत सरकत राहिला असता.